बागेचा पाडवा दसऱ्याला

नवरात्रात घटाभोवती पेरलेलं धान्य नऊ दिवसांत वीतभर वाढतं. दसऱ्याला ते खुडून देवाला वाहतात, टोपीत किंवा कानावर खोवतात. हे रोप फिकट पिवळं आणि बारीक असतं, जरा हात लागला की आडवं होतं. पाणी त्याला रोज मिळालेलं असतं, माती शेतातली असते, बी घरातलं निवडक असतं. कमी पडतो तो उजेड. देवघराच्या कोपऱ्यात समईच्या प्रकाशात गव्हाचं रोप उजेड शोधत नुसतं लांब होत जातं, हरितद्रव्य मात्र धरत नाही. तेच गहू अंगणात परातीत पेरले तर बुटके, जाड आणि हिरवेगार येतात. घरोघरी दरवर्षी होणारा हा प्रयोग गॅलरीतल्या कुंड्यांपाशी आलो की आपण विसरतो. तिथे झाड पिवळं पडलं की आधी खत आठवतं, मग पाणी, मग औषध. उजेडाचा नंबर लागतच नाही.

महाराष्ट्रातल्या शहरी बागेचं वर्ष दसऱ्याला सुरू होतं, असं आमचं म्हणणं आहे. गुढीपाडव्याला नाही, मृगाला नाही आणि एक जानेवारीलाही नाही. घरातली बाग असो की महापालिकेची, तिचं कामाचं आणि खर्चाचं वेळापत्रक या तारखेभोवती बसवलं, तर आज बागकामात जी हताशा दिसते तिचा मोठा भाग आपोआप कमी होईल. कारण ती बहुतेक वेळा चुकीच्या महिन्यात लावलेल्या आशेतून आलेली असते.

आपल्या बागकामाच्या बोलण्यात ‘स्प्रिंग’ फार आहे. तो शब्द ज्या हवेतून आला तिथे त्याला कारण आहे. लंडनला जूनमधला सर्वांत मोठा दिवस साडेसोळा तासांहून मोठा असतो आणि डिसेंबरमधला सर्वांत लहान दिवस आठ तासांचाही नसतो. म्हणजे वर्षभरात उजेड दुपटीहून जास्त वाढतो आणि तितकाच आटतो. मार्च-एप्रिलमध्ये तिथला माणूस मातीत हात घालतो तेव्हा तो खरोखर काळोखातून बाहेर आलेला असतो. अशा काळोख्या हिवाळ्यात येणाऱ्या उदासीला मानसोपचारतज्ज्ञ नॉर्मन रोझेन्थाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये ऋतुमानाशी बांधलेला विकार म्हणून वैद्यकात जागा दिली आणि तिच्यावर तेजस्वी दिव्यापुढे बसण्याचे उपचारही सुरू झाले. लंडनला किंवा न्यू जर्सीला राहणाऱ्या मराठी घरांत कुंडीतला कढीलिंब नोव्हेंबरात आत आणला की पानं गाळायला लागतो. थंडीपासून त्याला वाचवलेलं असतं, अंधारापासून नाही.

पुण्याला मात्र सर्वांत मोठा दिवस साधारण सव्वातेरा तासांचा आणि सर्वांत लहान अकरा तासांचा. फरक जेमतेम सव्वादोन तासांचा. दिवसाच्या लांबीचा हा लहानसा खेळ झाडाला कळतो. तिकडची कांद्याची बियाणी आणून लावली तर पात जोरात वाढते पण कांदा धरत नाही, कारण त्या वाणांना गड्डा धरायला १४ ते १६ तासांचा दिवस लागतो आणि तो आपल्याकडे उगवतच नाही. आपला एन-२-४-१ सारखा रब्बी वाण याच अकरा-बारा तासांच्या दिवसावर पोसतो. माणसाला हा फरक जाणवत नाही. आपल्याकडे उजेड आटतो तो ढगांमुळे, आणि तो हिशोब मोठा आहे. मुंबईला मे महिन्यात सूर्य सुमारे ३०० तास दिसतो. जुलैत आणि ऑगस्टमध्ये तोच आकडा ७०-७५ तासांवर येतो. रोजचे दहा तास ते रोजचे अडीच तास. उजेडाच्या दृष्टीने कोकणपट्टीचा खरा ‘हिवाळा’ आषाढ-श्रावणात असतो, आणि नेमके याच दोन महिन्यांत सगळे जण उत्साहाने रोपं विकत घेतात.

यावर शेतकरी हसेल. मृगाला पेरणी करणाऱ्या माणसाला बागेचं वर्ष ऑक्टोबरात सुरू होतं म्हणून कसं सांगायचं? हा आक्षेप बरोबर आहे आणि त्याचं उत्तर नळात आहे. कोरडवाहू शेतकऱ्याला सगळ्यांत दुर्मीळ गोष्ट म्हणजे पाणी, म्हणून पाणी येतं तेव्हा त्याचं वर्ष सुरू होतं. शिवाय तो अशी पिकं निवडतो जी पावसाळी उजेडात निभावतात, आणि त्याच्या शेतावर अख्खं आकाश उघडं असतं. तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत बारा महिने नळाचं पाणी असतं आणि आकाश निम्मंसुद्धा नसतं. तिथे दुर्मीळ गोष्ट उजेड. ज्या वस्तूची टंचाई तिच्या हंगामानुसार काम, हा नियम दोघांनाही एकच. कुंडीतला बागवान हा मुळात बागायती रब्बीचा शेतकरी आहे, आणि रब्बीची पेरणी दसऱ्याच्या आसपासच होते. घटातलं धान्य म्हणजे रब्बीच्या बियाण्याची उगवण तपासण्याची जुनी रीत, असं म्हटलं जातं.

उजेड कमी झाला हे आपल्या डोळ्यांना कळत नाही, ही खरी अडचण. बाहुली मोठी होते, मेंदू जुळवून घेतो आणि ढगाळ दुपार आपल्याला फक्त ‘छान वातावरण’ वाटते. मोजलं तर वेगळंच दिसतं. उजेड लक्स या एककात मोजतात. मोकळ्या उन्हात १,००,००० लक्स, दाट ढगांखाली ५ ते १० हजार, खिडकीपासून दोन मीटर आत ३००-५००. ढगाळ दिवशी उजेड अख्ख्या आकाशातून थोडा थोडा येतो, त्यामुळे ज्या गॅलरीला आकाशाचा तिसरा हिस्सा दिसतो तिला त्या १० हजारांतला तिसरा हिस्साच मिळतो. त्यावर ग्रिल आणि उन्हाळ्यात बांधलेली ५० टक्क्यांची हिरवी जाळी तशीच राहिली असेल तर दीड हजारावर मामला आला. यात टोमॅटो काय फळ धरणार? मोबाइलवर लक्स मोजणारं ॲप असतं. फार अचूक नसतं, पण दोन जागांची तुलना करायला पुरतं. तेही नको असेल तर कुंडीच्या जागी पांढरा कागद ठेवून वर फूटभरावर हात धरा. रेखीव काळी सावली पडली तर फुलझाड आणि फळभाजी चालेल. कडा धूसर दिसल्या तर पालेभाजी, पुदिना. सावलीच ओळखू येत नसेल तर मनीप्लांट आणि नेचे, आणि त्यावर समाधान.

जुलैमध्ये कुंडीत काय घडतं ते ओळीने पाहण्यासारखं आहे, कारण बहुतेक झाडं या साखळीतच जातात. ऊन कमी झालं की पान पाणी कमी ओढतं. कुंडीतली माती ओलीच राहते, मातीच्या पोकळ्यांतली हवा निघून जाते आणि मुळं गुदमरतात. गुदमरलेलं मूळ अन्न उचलत नाही, म्हणून पान पिवळं पडतं. मालकाला वाटतं खत कमी पडलं. तो चमचाभर युरिया किंवा डीएपी घालतो. अपुऱ्या उजेडात नत्र मिळालं की लुसलुशीत, लांबट, पिचपिचीत फूट येते. तिच्यावर मावा बसतो, बुरशी चढते. मग फवारणी, जी संध्याकाळच्या सरीत धुऊन जाते. तीन आठवड्यांनी झाड मरतं आणि मालक म्हणतो, ‘माझ्या हाताला गुणच नाही.’ हाताला काही झालेलं नसतं. पहिल्याच पायरीवर पाणी थांबवून कुंडी कठड्याच्या जवळ सरकवली असती तर झाड जगलं असतं.

पावसाळ्यातली कामं म्हणून थोडी आणि साधी आहेत. हिरवी जाळी मृगाआधी उतरवायची. कुंड्यांखालच्या ताटल्या काढून टाकायच्या आणि कुंडी दोन विटांवर ठेवायची. तळाची भोकं १० ते १२ मिलिमीटरची आहेत ना, मुळांनी बुजली नाहीत ना, हे काडी घालून पाहायचं. बोट दोन पेरं आत जाईपर्यंत ओल लागली तर पाणी नाही. दोन कुंड्यांत वीतभर अंतर, जमिनीलगतची पानं छाटलेली. जूनच्या सुरुवातीला एक लिटर पाण्यात ५ ग्रॅम ट्रायकोडर्मा (मूळकुज रोखणारी उपयोगी बुरशी) घालून ते मुळाशी द्यावं, त्यानंतर दसऱ्यापर्यंत खताला सुट्टी. गोगलगायी रात्री नऊनंतर बॅटरी घेऊन हाताने वेचाव्यात. चुन्याची रेघ पहिल्या सरीत वाहून जाते, तिच्यावर भरवसा नको. कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) जास्त असलेलं मिश्रण उन्हाळ्यात उपयोगी आणि पावसाळ्यात घातक, कारण ते पाणी सोडत नाही. या दिवसांसाठी मिश्रणात पाचवा हिस्सा जाड वाळू किंवा विटांचा चुरा हवाच.

आणि लावायचं ते आपल्या पावसाळ्यात जन्मलेलं. अळू, हळद, आलं, सोनटक्का, तेरडा. गणपतीची पत्री पाहा: दूर्वा, माका, आघाडा. गौरीला तेरडा लागतो, गुलाब लागत नाही. ज्यांनी ही यादी केली त्यांनी भाद्रपदात दाराबाहेर काय माजलेलं असतं तेच पाहिलं असणार. आषाढातलं हिरवं जग पाहून सगळे खूश असतात आणि बाग करणारा तेवढा चिडचिडा असतो, हे दृश्य घरोघरी आहे. त्याची चिडचिड खोटी नाही. बाहेरचा हिरवेपणा गवताचा आणि तणाचा असतो, त्याची मिरची मात्र डोळ्यांसमोर कुजत असते.

मुंबईतून पावसाची माघार सर्वसाधारणपणे ८ ऑक्टोबरला धरतात, पुण्यातून त्याच्या आसपासच. त्या आठवड्यात आकाश एकदम उघडतं. इथेच पहिली फसगत होते. चार महिने मिणमिणत्या उजेडात वाढलेली पानं पातळ असतात. ऑक्टोबरचं ऊन त्यांच्यावर सरळ पडलं की पांढरे-तपकिरी डाग पडतात, लोक त्याला रोग समजतात आणि पुन्हा फवारतात. आतल्या कुंड्या आठ-दहा दिवसांत टप्प्याटप्प्याने बाहेर न्याव्यात, आधी सकाळचं ऊन दोन तास, मग चार. एवढं केलं की पुढचे पाच महिने हवा, ऊन आणि रात्रीचा गारवा तिन्ही तुमच्या बाजूने असतात. पाऊस संपताना गुलाब छाटावा: पेन्सिलीएवढ्या जाड निरोगी काड्या ठेवून, बाहेरच्या डोळ्यावर तिरका काप. तिथून पन्नास दिवसांच्या आसपास फूल येतं. पुण्याच्या एम्प्रेस गार्डनमधलं पुष्पप्रदर्शन जानेवारीअखेर, प्रजासत्ताक दिनाच्या सुमारास असतं. त्यासाठी गुलाब धरणारे डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात हलकी छाटणी करतात ती याच गणिताने. टोमॅटोचं बी सप्टेंबरअखेर पेरून २५-३० दिवसांची रोपं उतरवली तर फुलं येण्याच्या वेळी रात्री १५ ते २० अंशांवर असतात आणि फळ धरतं. हेच टोमॅटो फेब्रुवारीत लावले तर एप्रिलच्या पस्तिशीपुढच्या तापमानात फुलं देठासकट गळतात. मेथी, पालक, कोथिंबीर दसऱ्यापासून दर पंधरा दिवसांनी मूठ मूठ पेरावी. फेब्रुवारीनंतरची कोथिंबीर पान धरायच्या आत तुऱ्याला जाते.

पिटुनिया, डायंथस, फ्लॉक्स या ‘सीझनल’ फुलांची रोपं नर्सरीत जानेवारी-फेब्रुवारीत भरगच्च फुललेली मिळतात, कारण फूल पाहून गिऱ्हाईक पैसे देतं. घरी आल्यावर त्यांचे तीन-चार आठवडे उरलेले असतात. मार्चमध्ये ती वाळली की पुन्हा तेच, ‘माझ्या हाताला गुण नाही.’ हीच फुलं बियांपासून ऑक्टोबरात केली तर तीन महिने फुलतात. नर्सरीवाल्याला दोष देण्यात अर्थ नाही. सप्टेंबरात चिमूटभर बारीक बियांचं पाकीट मागायला कोणी जातच नाही.

गॅलरी कोणत्या दिशेला आहे हे सगळे सांगतात, पण त्या दिशेला कोणत्या महिन्यात ऊन असतं हे थोड्यांना माहीत असतं. पुणे साडेअठरा अक्षांशावर आहे. २१ डिसेंबरला भरदुपारी सूर्य दक्षिणेला ४८ अंशांवर असतो. वरच्या स्लॅबची कड जमिनीपासून २.८ मीटरवर असेल तर ऊन कडेपासून अडीच मीटर आत येतं, म्हणजे गॅलरी ओलांडून खोलीत. मार्चच्या विषुवदिनी ते ९० सेंटिमीटरवर आणि एप्रिलच्या मध्याला जेमतेम दोन वितींवर येतं. १३-१४ मे रोजी सूर्य बरोबर डोक्यावर येतो, तो शून्य सावलीचा दिवस. तिथून जुलैअखेरच्या दुसऱ्या शून्य सावलीपर्यंत मध्यान्हीचा सूर्य उत्तरेला असतो. म्हणजे दक्षिणेची गॅलरी मे महिन्यात सावलीत असते आणि ऑक्टोबर ते फेब्रुवारीत तिच्यासारखी जागा नाही. उत्तरेच्या गॅलरीत थंडीभर थेट ऊन शून्य. मे महिन्यात सकाळ-संध्याकाळ तिरपं येतं आणि ते चांगलं लागतंय तोवर ढग दाटतात. तिच्यात जास्वंदीला कळ्या येत नाहीत म्हणून स्वतःला कोसू नये, तिथे नेचे आणि अळू लावून मोकळं व्हावं. दक्षिणेच्या गॅलरीला भरीव कठडा असेल तर डिसेंबरातही जमिनीवरच्या पहिल्या ९० सेंटिमीटरांत दुपारी सावली असते. कुंड्या त्या पट्ट्यात जमिनीवर न ठेवता कठड्याच्या उंचीच्या स्टँडवर घ्याव्यात. नुसत्या या एका बदलाने शेवंती फुललेली दिसते. पूर्वेची गॅलरी सर्वांत समजूतदार, तिच्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही.

पश्चिमेची गॅलरी डिसेंबरात बरी आणि मे महिन्यात तापलेली भट्टी. तिथली भिंत दुपारी दोन ते सहा ऊन पिते आणि रात्री दहापर्यंत ओकत राहते. काळ्या प्लॅस्टिकच्या लहान कुंडीत मुळं अक्षरशः शिजतात. वरून पान कोमेजतं, म्हणून लोक पुन्हा पाणी घालतात, ओलं आणि गरम अशा मातीत मूळ कुजतं. उपाय जुनाच: कुंडीत कुंडी, मधल्या जागेत ओली वाळू, बाहेरून गोणपाट, मातीवर तीन बोटं पालापाचोळा. पाणी सकाळी आठच्या आत. दुपारी गच्चीवरच्या पाइपातून पहिलं येणारं पाणी चटका देणारं असतं, ते झाडाला देऊ नये.

उन्हाळा हा आपल्याकडचा विश्रांतीचा हंगाम आहे, हे मान्य करायला मन तयार होत नाही. कारण त्याच वेळी चैत्र असतो, पळस-पांगारा-काटेसावर निष्पर्ण फांद्यांवर पेटून गेलेले असतात, बहावा लोंबत असतो, ताम्हण जांभळं झालेलं असतं. हा वसंत खरा आहे. पण तो खोलवर मूळ गेलेल्या झाडांचा आहे. बारा इंची कुंडीतल्या झाडाला खाली जायला खोल जमीन नसते. एप्रिल-मे मध्ये मुलांना सुट्टी लागते म्हणून हौसेने नव्या लागवडी होतात आणि जूनच्या आत त्यातल्या बऱ्याच संपतात. त्याऐवजी या महिन्यांत जे नैसर्गिकपणे फुलतं तेवढंच करावं. मोगऱ्याचं पाणी नोव्हेंबरपासून तोडत आणून डिसेंबर-जानेवारीत तो छाटावा, मूठभर निंबोळी पेंड आणि शेणखत द्यावं, मग पाणी सुरू. चैत्रात कळ्यांनी भरतो. बोगनवेल पाण्याची ओढ बसली की फुलते, तिला मायेने रोज पाणी घालणाऱ्याकडे फक्त पानं असतात. चिनी गुलाबाला जेवढं ऊन द्याल तेवढं कमीच. बाकीच्यांना ५० टक्क्यांची जाळी बांधून जगवायचं, वाढवायचं नाही. पिठ्या ढेकूण आणि लाल कोळी या किडी याच कोरड्या उष्णतेत येतात, दोघांनाही पानाखालून पाण्याचा जोरदार फवारा आवडत नाही. ज्याला उन्हाळाभर बाग ‘छान’ दिसायला हवी असते तो थकतो. ज्याने मे महिना राखणीचा म्हणून स्वीकारला त्याची मनःस्थिती बरी असते, झाडंही जास्त वाचतात.

आता सार्वजनिक बाजू, कारण हे सगळं घरापुरतं नाही. वनमहोत्सव १९५० मध्ये क. मा. मुन्शींनी सुरू केला, जुलैचा पहिला आठवडा. जमिनीत लावायच्या झाडासाठी महिना अगदी योग्य आहे, पावसात मूळ उतरतं. गडबड मोजणीत आहे. खड्डे जुलैत मोजले जातात, फोटो जुलैत निघतात आणि झाड मरतं पुढच्या एप्रिलमध्ये, जेव्हा कोणी पाहत नसतं. ६० सेंटिमीटर लांब-रुंद-खोल खड्डा, मातीवर ८-१० सेंटिमीटर पाचोळा आणि पहिले दोन उन्हाळे आठवड्याला १०-१५ लिटर पाणी, एवढं ज्या झाडासाठी ठरलेलं नाही ते लावूच नये. आकडा जाहीर करायचा तर दुसऱ्या उन्हाळ्यानंतर जिवंत असलेल्यांचा करावा. शहरातल्या शंभर झाडांचा तो आकडा लाख खड्ड्यांपेक्षा जास्त माहिती देईल.

हिरवळीबद्दल आमचं मत कडवट आहे. मे महिन्यात उघड्यावरच्या हिरवळीला चौरस मीटरमागे रोज ५ ते ७ लिटर पाणी लागतं. एकराला २० ते २८ हजार लिटर, म्हणजे दहा हजारी टँकर दोन-तीन, रोज. पाणी प्रक्रिया केलेलं असलं तरी ते एखाद्या वडा-पिंपळाच्या उपयोगी आलं असतं. बरं, त्या हिरवळीवर मे महिन्यात दुपारी बसणार कोण? तिच्यावर सावलीच नसते. लॉन ही मंद उन्हाच्या आणि बारमाही रिमझिमीच्या देशातली युक्ती आहे. तिथे लोक उन्हात बसायला बागेत येतात. आपल्याकडे आठ महिने लोक सावलीत बसायला येतात आणि चार महिने उन्हात, हे आराखड्यातच दिसायला हवं. बसायच्या जागा पानगळीच्या झाडांखाली घ्याव्यात. शिरीषासारखी झाडं थंडी सरता सरता पानं गाळून ऊन खाली सोडतात आणि कडक उन्हाच्या तोंडावर पुन्हा पालवतात.

याच धाग्यात बागांच्या वेळा येतात. पुण्यातल्या बऱ्याच सार्वजनिक बागा सकाळी आणि संध्याकाळी उघड्या, दुपारी बंद. उन्हाळ्यात ठीक. पण डिसेंबर-जानेवारीत सकाळी नऊ ते दुपारी तीन हे वर्षातलं सगळ्यांत सुखाचं ऊन बरंचसं कुलूपबंद असतं. ज्यांच्या घरात समोरच्या इमारतीमुळे ऊन येत नाही असे म्हातारे लोक त्या वेळी जिन्यात किंवा पार्किंगमध्ये खुर्ची टाकून बसलेले दिसतात. उदासीवरच्या उपचारासाठी जो दिवा वापरतात तो १०,००० लक्सचा असतो, थंडीतलं ऊन त्याच्या कित्येक पट आणि फुकट. नोव्हेंबर ते फेब्रुवारी बागा दुपारी उघड्या ठेवायला लागेल ती रखवालदाराची एक जादा पाळी.

इमारतींच्या सावलीचंही गणित मांडता येतं. ७० मीटर उंच इमारतीची २१ डिसेंबरच्या मध्यान्हीची सावली उत्तरेला ६३ मीटर पडते, सकाळी नऊला ती दीडशे मीटरच्या पुढे असते. मे महिन्यात ती जवळजवळ नाहीच. म्हणजे उंच इमारत शेजाऱ्याकडून नको असलेलं ऊन घेत नाही, हवं असलेलंच घेते, आणि तेही बागेच्या मुख्य हंगामात. बांधकामाच्या नकाशांबरोबर २१ डिसेंबरच्या सकाळी नऊ, दुपारी बारा आणि तीनच्या सावल्या दाखवणं सक्तीचं करावं. मंजुरी अडवण्यासाठी म्हणून नाही, निदान शेजाऱ्याला आधी कळावं म्हणून.

रात्रीच्या उजेडाचा प्रश्न उलटा. १९२० मध्ये गार्नर आणि ॲलार्ड या अमेरिकी शास्त्रज्ञांनी दाखवून दिलं की काही झाडं दिवसाच्या लांबीवर फुलायचं ठरवतात. शेवंती आणि लालपत्ती त्यातल्या, त्यांना लांब, अखंड रात्र लागते. पॉलिहाऊसमधले शेवंतीवाले रात्री दिवे लावून फुलं हवी तेवढी लांबवतात. रस्त्यावरचा एलईडी दिवा तेच काम फुकट करतो: दिव्याकडची बाजू नुसती पालेदार, आडोशाची बाजू फुललेली. कुंडी रात्री खोक्याने झाकता येते. रस्त्यावरच्या झाडाला कोण झाकणार? खोडाला गुंडाळलेल्या रोषणाईच्या माळांचा विषय मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेला आहे. न्यायालयाची वाट न पाहता सणाच्या चार दिवसांनंतर त्या उतरवायला कोणाची हरकत नसावी.

राहता राहिली गच्ची. बहुतेक इमारतींत पुरेसा उजेड असलेली ही एकच जागा, आणि तिला कुलूप. सोसायटीची भीती दोन गोष्टींची, गळती आणि वजन, आणि दोन्ही खऱ्या आहेत. ये-जा असलेल्या गच्चीवर भारतीय मानकानुसार चौरस मीटरमागे दीडशे किलो वापरभार धरलेला असतो. फूटभर ओली माती पसरली की पाचशे किलो झाले. म्हणून माती पसरायचीच नाही. डॉ. आर. टी. दोशी यांनी मुंबईत उसाच्या चोथ्यावर भाज्या करून दाखवल्या. त्या वाटेने कुजलेला पाला, चोथा आणि थोडीशीच माती यांचा २० सेंटिमीटर थर केला तर भार साधारण तिपटीने उतरतो. वाफे पसरून न करता क्रेट आणि पिशव्या तुळयांच्या व कठड्याच्या रेषेत, विटांवर उचलून ठेवाव्यात, म्हणजे खालून पाणी वाहतं आणि फरशी कोरडी दिसते. तुळया कुठून जातात हे इमारतीच्या नकाशावर असतं. जुनी इमारत असेल तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवल्याशिवाय एकही क्रेट वर नेऊ नये. हे तीन मुद्दे लिहून दिले तर समितीला नाही म्हणायला फार कारणं उरत नाहीत. महाराष्ट्रातल्या गृहनिर्माण संस्थांना वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरपर्यंत घ्यावी लागते. गच्चीच्या किल्लीचा विषय त्या सभेच्या पत्रिकेवर वेळेत घातला, तर बहुतेक वर्षी दसऱ्याला पेरणीपुरता अवधी मिळतो.